कुस्तीत शंभरपैकी ब्याण्णव

मार्तंडपंत बिडवई यांनी अठ्ठावीस वर्षं वऱ्हाडातल्या शाळा तपासल्या आणि पेन्शनीत निघाल्याबरोबर जाहीर केलं की आपला मुलगा शाळेत जाणार नाही. "मी आतून पाहिल्यात त्या," ते म्हणायचे. बुलढाण्यात सगळे त्यांना डिपोटीसाहेब म्हणत आणि त्यांच्याशी वाद घालत नसत. अठ्ठावीस वर्षं आतून पाहत होता, तर तेवढ्यात एखादी नीट का नाही केली साहेब, हे विचारायची छाती कोणाची झाली नाही. दात पडले तरी साप तो साप.

तेव्हा शाळा घरीच भरली. विद्यार्थी एक: शरच्चंद्र, वय वर्षे आठ. सकाळी दहाला मार्तंडपंत पडवीतली पितळी घंटा वाजवत. शरच्चंद्र घरातून अंगणात जाई, एकट्याची रांग लावी, प्रार्थना म्हणे आणि ओळीनं आत येई. मग हजेरी. "शरच्चंद्र मार्तंड?" "हजर." मार्तंडपंत मान वर करून खात्री करून घेत, कारण एकाच्या नावावर दुसऱ्यानं हजर म्हणण्याचे प्रकार त्यांनी पुष्कळ पाहिले होते. वर्गाचा मॉनिटर शरच्चंद्रच होता. मास्तर बाहेर गेले की जो गडबड करील त्याचं नाव मॉनिटरनं पाटीवर लिहायचं, असा नियम. पोरगं बिचारं प्रामाणिक. त्यानं चार वेळा स्वतःचं नाव लिहिलं आणि चार वेळा छड्या खाल्ल्या. वार्षिक परीक्षेत तो दरवर्षी दुसरा यायचा. पहिल्या नंबराच्या लायकीचं वर्गात कोणी नाही, असं मार्तंडपंतांचं मत होतं.

खरी गंमत होती तपासणीची. वर्षातून एकदा मार्तंडपंत कोट, पगडी चढवून मागच्या दारानं निघत, घराला वळसा घालून पुढच्या दारानं इन्स्पेक्टर म्हणून आत येत. हेडमास्तरच्या घरून इन्स्पेक्टरला चहा-पोहे जायची रीत, म्हणून त्यांच्या पत्नी पुष्पाबाई पोहे करत. "घरचाच माणूस घरचे पोहे खाणार, अन् वर म्हणणार मीठ कमी आहे," त्या शरच्चंद्राजवळ कुरकुरत. मग साहेब दप्तर तपासत आणि शेरेबुकात शेरा लिहीत. शरच्चंद्र तेरा वर्षांचा झाला त्या साली त्यांनी लिहिलं: 'कसरतीची सोय नाही. ही गंभीर उणीव असून तीन महिन्यांत दूर करावी. अन्यथा वर कळवावे लागेल.'

वर म्हणजे कुठं? नागपूरला? तिथल्या साहेबाला बिडवईंच्या पडवीचा पत्ताही नव्हता. पण मार्तंडपंतांनी जन्मात लिहिलेला शेरा कधी मागं घेतला नव्हता, तो स्वतःसाठी कसा घेतील? दुसऱ्याच दिवशी त्यांनी शालिग्राम वस्तादाला बोलावणं धाडलं.

शालिग्राम सहा एकराचा शेतकरी. गावाबाहेर मारुतीच्या देवळामागं त्याचा आखाडा होता आणि त्यात वीस-बावीस पोरं घुमायची. वस्तादाचे कान मोडलेले, मान अशी की सदऱ्याची वरची गुंडी जन्मात लागली नसेल. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, पोट्ट्याले धाडून द्या आखाड्यात. बाकीचं मी पायतो."

"आखाड्यात नाही," मार्तंडपंत म्हणाले. "तिथे संगत असते."

"संगतीबिगर कुस्ती कशी होईन साहेब? कुस्तीले दोघं लागतेत."

"लोड आहे घरात."

आणि खरोखरच लोड आणला! परसात हौदा खणला, लाल माती चाळून टाकली, वर तेल, हळद, ताक ओतलं, आणि त्या सगळ्या थाटात शरच्चंद्र लंगोट लावून कापसाच्या लोडाशी लढायला उभा राहिला. लोड बिचारा गुणी. पट काढला की पडायचा, ढाक लावली की पडायचा, नुसतं रागानं पाहिलं तरी पडेल असा. मार्तंडपंत खुर्ची टाकून वहीत नोंदी करत. शालिग्राम कपाळाला हात लावून बसे. आठ दिवसांनी त्याच्यानं राहवलं नाही. साहेब आंघोळीला गेले तसा तो हौद्यात उतरला. म्हणाला, "शरद्या, पालथा पड. पोट मातीले लाव, कोपरं आत घे. मी तुले उलटवतो. तू उलटू नको. बस, एवढंच शीक."

मग रोज सकाळी, साहेबांची आंघोळ आणि संध्या होईपर्यंतचा पाऊण तास, शरच्चंद्र मातीला चिकटून पडायचा आणि अडीच मणांचा शालिग्राम त्याला उलटवायचा. पहिला महिनाभर पोरगं पोळीसारखं उलटायचं. मग हळूहळू उशीर लागायला लागला. बरगड्या ठणकायच्या, तोंडात माती जायची, मानेवर वस्तादाच्या घामाचे थेंब पडायचे, आणि शरच्चंद्राला एवढं बरं जन्मात वाटलं नव्हतं. आठव्या वर्षापासून त्याला छडीखेरीज कोणी हात लावला नव्हता. इथं एक माणूस हसत होता, शिव्या देत होता, दाबत होता, आणि शेवटी पाठीवर थाप मारून म्हणत होता, "वा रे पठ्ठे!" दिवसाचे बाकी सव्वातेवीस तास तो त्या पाऊण तासाची वाट पाहण्यात घालवी.

वर्षाअखेर मार्तंडपंतांनी कुस्तीची परीक्षा घेतली. लेखी पन्नास, तोंडी वीस, प्रात्यक्षिक तीस. 'ढाक म्हणजे काय ते सांगून तिचे फायदे-तोटे लिहा.' 'पट काढणे व धोबीपछाड यांतील फरक स्पष्ट करा.' प्रात्यक्षिकात लोड तीनदा चीत झाला. एकूण गुण ब्याण्णव. आठ गेले ते अक्षर वाकडं म्हणून. पण मार्तंडपंतांची न्यायबुद्धी तेवढ्यावर थांबेना.

"ज्या विषयाला बाहेरची परीक्षा नाही, तो विषय वेळापत्रकात ठेवता येत नाही," जेवताना ते म्हणाले. "माघात धाडची जत्रा आहे. तिथे कुस्त्यांची दंगल होते. तिथे लढायचं. पडलास तर कुस्ती बंद. त्या तासाला भूमिती."

भूमितीचं काय घेऊन बसलात, साहेबांनी त्या जागी तुरुंग म्हटलं असतं तरी शरच्चंद्र एवढा भ्यायला नसता. पडलो तर वस्ताद येणार नाही, हे त्याला एकदम डोळ्यांसमोर दिसलं. त्यानं पुष्पाबाईंकडं पाहिलं. त्यांनी पानात भात वाढला. त्या घरात त्यांच्या हातात तेवढंच होतं.

माघात बापलेक बैलांच्या रेंगीत बसून धाडला गेले. शालिग्राम आपली आखाड्यातली पोरं घेऊन पायीच आला होता. धाडच्या पुढं थोडक्यावर मोगलाईची, म्हणजे निजामाची, हद्द लागते, त्यामुळं तिकडचेही पैलवान यायचे. ओढ्याकाठच्या खोलगट रानात हौदा केलेला, चहूबाजूंनी उतारावर माणसं बसलेली, डफडं वाजतंय, रेवड्यांची पोती फुटतायत. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. जो जिंकेल त्याला ओंजळभर, हरेल त्याला चिमूटभर. शालिग्रामनं शरच्चंद्राला सांगून ठेवलं होतं: "रेवड्यांवरच लढू. तुह्या वजनाचं पोट्टं पाहून देतो. उलटू नको, दमव त्याले, अन् मंग पट काढ. होते आपलं काम." आणि तो आपल्या दुसऱ्या पोरांच्या जोडी लावायला पलीकडच्या बाजूला गेला.

इथं माशी शिंकली. त्या दंगलीची रीत अशी की परगावचा पोरगा आला तर त्यानं आपल्या गावची चिठ्ठी आणायची. वर नाव, गाव, आणि आजवर मारलेल्या कुस्त्यांचा आकडा. त्या आकड्यावर पंच जोड लावत. ही रीत मार्तंडपंतांना माहीत असायचं कारण नव्हतं, आणि ज्याला माहीत होती तो शालिग्राम पलीकडच्या बाजूला होता. कोणाला काही विचारायची सवयच नव्हती त्यांना, ते विचारायचे ते फक्त परीक्षेत. पंच उकंडराव पाटलांनी "चिठ्ठी?" म्हणून हात पुढं केला, तेव्हा त्यांनी मोठ्या ऐटीत खिशातून प्रगतिपत्रक काढून दिलं. सुंदर अक्षर. 'शरच्चंद्र मार्तंड बिडवई, मु. बुलढाणा. विषय कुस्ती: ९२. शेरा: समाधानकारक.' शंभरपैकी हे त्यांनी लिहिलं नव्हतं. शहाण्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

उकंडरावांनी कागद वाचला. मग पोराकडं पाहिलं. मग कागद पुन्हा वाचला.

"ब्याण्णव?" ते म्हणाले. "साहेब, हे खरं हाये?"

"माझ्या सहीनं दिलंय," मार्तंडपंत ताठ होऊन म्हणाले. "माझ्या सहीचा कागद आजवर कोणी खोटा म्हटलेला नाही."

"तसं नाई साहेब, पोट्टं बारीक दिसते म्हनून इचारलं." आणि उकंडराव हौद्याच्या कडेवर चढून ओरडले, "ऐका हो! बुलढाण्याचा शरच्चंद्र, डिपोटीसायबाचा पोरगा, तेरा वर्साचा, ब्याण्णव कुस्त्या मारेल हाये! ब्याण्णव! याले रेवड्यावर लढवनं म्हंजे पाप हाये. याची जोड निवृत्तीसंगं. जो मारीन त्याले फेटा!"

निवृत्ती मोगलाईतला. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, मांड्या अशा की शरच्चंद्राची कंबर त्यातल्या एकीत मावली असती. पंचांनी दोघांचे हात धरून वर केले, डफडं कडकडलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. शरच्चंद्राला एक आशा होती. चूक झाली आहे हे वडिलांना, आप्पांना, कळलेलंच आहे. आप्पा आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढत आले. आता उठतील आणि म्हणतील, थांबा, ते गुण आहेत. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं.

मार्तंडपंतांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला, आणि ओढ्यापलीकडच्या बाभळीकडं पाहायला लागले.

तेवढ्यात शालिग्राम पलीकडून गर्दी तुडवत आला. "पाटील, काय करून राह्यले? हे पोट्टं आजलोक एक बी कुस्ती लढलं नाई!"

"हात वर झाले, वस्ताद," उकंडराव म्हणाले. "आता जोड मोडाची त ज्यानं चिठ्ठी देली त्यानंच मोडाची. रीत हाये. सांगा साहेब, मोडू काय?"

"साहेब, सांगा ना त्याईले!" शालिग्राम म्हणाला.

सगळं रान मार्तंडपंतांकडं पाहायला लागलं. हजार माणसं असतील. मार्तंडपंत एकदा खाकरले. "कागदावर जे आहे ते आहे," ते म्हणाले.

झालं. शरच्चंद्रानं माती उचलून कपाळाला लावली. भीती होतीच, पण तिच्यावर आणखी काहीतरी चढलं होतं. संतापच तो. आप्पांचा एवढा संताप आपल्याला येऊ शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

सुरुवात मोठी झोकात झाली. निवृत्तीनं स्वतः चौदाच कुस्त्या मारलेल्या, आणि समोर ब्याण्णववाला! हे काटकुळं पोरगं कुठला डाव लपवून बसलंय कोण जाणे, म्हणून तो हात लावायलाच धजेना. पाच मिनिटं दोघं एकमेकांभोवती नुसते फिरले. लोकांना वाटलं, वा, काय अभ्यासू कुस्ती आहे! शेवटी कोणीतरी ओरडलं, "अबे, लगीन लागून राह्यलं काय? फेरे किती घेता?" तेव्हा निवृत्ती चिडला, आत घुसला, आणि पुढच्या क्षणी शरच्चंद्र हवेत होता.

तो पालथा पडला. पोट मातीला, कोपरं आत. ते कोणी सांगावं लागलं नाही, अंगच तसं वळलं. निवृत्ती वर बसला आणि उलटवायला लागला. मानेखाली हात घातला, बरगडीत गुडघा रोवला, पाय ओढला. शरच्चंद्र हलला नाही. वस्ताद ह्याच्याहून जड होता. पण वस्ताद पाऊण तासानं उठायचा आणि पाठीवर थाप मारायचा, हा उठणार नव्हता.

दहाएक मिनिटांनी निवृत्तीनं त्याच्या कानाशी तोंड आणलं. धापा टाकत म्हणाला, "अरे, ब्याण्णव मारल्या म्हणतूस, अन् एकबी डाव टाकीनास?"

"ते गुण आहेत," शरच्चंद्र मातीत म्हणाला.

"कशाचे?"

"परीक्षेचे. शंभरपैकी. वडिलांनी दिलेले."

"कुस्तीची परीक्षा?"

"लेखीसुद्धा होती."

निवृत्तीला असं हसू फुटलं की त्याची पकडच सुटली. वरच्या लोकांना वाटलं, बुलढाण्याच्या पोरानं काहीतरी गुप्त डाव टाकला. टाळ्या पडल्या. "मंग आजपर्यंत लढलास किती?" निवृत्तीनं विचारलं. "ही पहिलीच," शरच्चंद्र म्हणाला. हसू ओसरलं तसा निवृत्तीनं दुप्पट जोर लावला, कारण आता भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. खरं बोलण्याचे फायदे हे असे असतात.

पुढची वीस मिनिटं वाईट गेली. निवृत्तीनं डावा हात मागं पिरगाळला आणि खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. शरच्चंद्राच्या डोळ्यांतून पाणी आलं. उलटलो की दुखणं संपेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. उलटलो की वस्तादाबरोबरची सकाळही संपेल, हेही. त्यानं दातांत माती धरली. उतारावरचे लोक उभे राहिले होते. शालिग्राम हौद्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून हातानं जमीन थोपटत होता, "धर, शरद्या, धर! मातीले सोडू नको, बापा!" मोगलाईतली माणसंसुद्धा आता शरच्चंद्राच्या नावानं ओरडत होती. शेवटी निवृत्तीचेच हात कापायला लागले. उकंडराव आत उतरले, दोघांना उठवलं, दोघांचे हात वर केले. "बरोबरीत!"

निवृत्तीनं त्याला मिठी मारली. "जबर हाईस रे," तो म्हणाला. आणि तेवढ्यात, उपरणं सावरत, मार्तंडपंत हौद्यात आले. चपलांसकट.

"सभ्य गृहस्थहो," त्यांनी सुरुवात केली, "आपण आत्ता जे पाहिलंत, ते गृहशिक्षणाचं फळ आहे. शिस्त, वेळापत्रक आणि नियमित परीक्षा..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक काय, डफड्यालाही वाजवतात. शालिग्रामनं शरच्चंद्राचा खांदा चाचपला. पोरगं कळवळलं. मग वस्ताद उठला आणि हजार माणसांसमोर, आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, एक इचारू काय? पोट्ट्याची मान मोडली असती, त तुमी काय लेहलं असतं कागदावर?"

मार्तंडपंतांचं भाषण तिथंच राहिलं. ते पुरं करावं असं कोणाला वाटलं नाही.

रात्र धाडच्या शाळेत काढली. भिंतीवरचा नकाशा वाकडा टांगल्याचं मार्तंडपंतांनी तिथल्या मास्तरला सुनावलं, म्हणजे प्रकृती ठीक होती. सकाळी रेंगी जुंपली. मागून शालिग्राम आणि त्याची पोरं गोंधळ घालत पायी निघाली. शरच्चंद्राचा हात फडक्यानं गळ्यात बांधला होता.

"तू हरला नाहीस," कोसभरानं मार्तंडपंत म्हणाले. "तेव्हा नियमाप्रमाणे विषय चालू राहील. शालिग्रामला मात्र बदलावं लागेल. उद्धट आहे."

शरच्चंद्रानं त्यांच्याकडं पाहिलं. "पाटलांनी जोड मोडू का विचारलं, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

मार्तंडपंतांनी चष्म्याला हात लावला. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "लोक पाहत होते."

"मीही पाहत होतो, आप्पा," शरच्चंद्र म्हणाला. "मी तुमच्याकडंच पाहत होतो."

शरच्चंद्र थोडा वेळ थांबला. काहीतरी उत्तर येईल असं त्याला अजून वाटत होतं, हीच त्याची चूक. मग त्यानं चांगला हात गाडीच्या साटीला लावला आणि चालत्या रेंगीतून खाली उडी मारली. पोरांचा घोळका जवळ आला आणि त्याला पोटात घेऊन पुढं चालायला लागला. एकानं उत्साहानं त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात टाकला. तो ओरडला. "काऊन बे, दुखते काय?" त्या पोरानं विचारलं. "लय दुखते," शरच्चंद्र म्हणाला, आणि रडता रडता हसायला लागला. हौद्यातून बाहेर आल्यापासून तो रडला नव्हता. शालिग्राम म्हणाला, "परवापासून आखाड्यात ये. हात बरा होयेपर्यंत माती चाळ. बसून राह्यला त लाथ घालीन." "हाव, वस्ताद," तो म्हणाला.

थांबवलेली रेंगी आता पोरांच्या मागं पडली होती. गाडीवानानं विचारलं, "साहेब, हाक मारू काय पोराले?"

"मार," मार्तंडपंत म्हणाले.

गाडीवानानं दोन हाका मारल्या. शरच्चंद्राला दोन्ही ऐकू आल्या, आणि तो चालत राहिला.